दिव्यांचा कार्यभार

"बाथरूममध्ये कोण आहे?" रामदासजींनी विचारलं.

"कोणी नाही," ललिताबाई म्हणाल्या.

"मग दिवा कोणासाठी जळून राहिला?"

याचं उत्तर मेश्रामांच्या घरात कोणी देत नसे, कारण ते रामदासजींना नकोच असायचं. ते सोफ्यावरून उठायचे, बाथरूमचा दिवा बंद करायचे, तिथवर आलोच आहोत तर बेडरूमचा पंखा बघायचे, स्वयंपाकघरातली ट्यूब बघायचे, आणि घरात आपण नसतो तर काय झालं असतं या विचारात परत येऊन बसायचे.

भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर ते बायकोसह पुण्यात खराडीला मुलाच्या, प्रज्ञेशच्या, फ्लॅटवर राहायला आले होते. आले तेव्हा त्यांना वाटलं होतं, मुलगा-सून दोघं आयटीत, घराकडे बघायला कोणीतरी हवंच. पण घराकडे फोन बघत होता. भाजी फोनवरून यायची. विजेचं बिल फोनच भरायचा. गॅसचं सिलिंडर हा प्रकारच नव्हता, पाइपातून गॅस यायचा आणि त्याच्याशी हुज्जत घालायची सोय नव्हती. माणसानं उठून जाऊन करावं असं एकच काम त्या घरात शिल्लक होतं, ते म्हणजे दिवे बंद करणं. सून निकिता दिवे विसरायची, सासरे बंद करायचे. दोघांचंही छान चाललं होतं.

मग एका रविवारी प्रज्ञेशनं घर आधुनिक केलं. इलेक्ट्रिशियन आला, त्यानं हॉलच्या छताला काळ्या मण्याएवढा एक डोळा बसवला आणि घरातले सगळे दिवे त्या डोळ्याला जोडले. डोळ्यावर रिमोट रोखायचा आणि बटण दाबायचं. एक म्हणजे हॉल, दोन स्वयंपाकघर, तीन बाथरूम, असं पुढे. तेच बटण पुन्हा दाबलं की दिवा बंद. रिमोट खास नव्हता, बाजारात मिळतो तो साधा युनिव्हर्सल. भिंतीवरची जुनी बटणं मात्र प्रज्ञेशनं काढून टाकली आणि त्या जागी पांढऱ्या गुळगुळीत पट्ट्या लावल्या.

"लुक क्लीन वाटतो ना, बाबा? आता कोणाला उठायलाच नको."

"हौ," रामदासजी म्हणाले.

त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे उठले. बाथरूमपाशी गेले. हात सवयीनं भिंतीकडे गेला आणि पांढऱ्या पट्टीवरून घसरला. ते परत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. आठवड्याभरात ते पेपरातल्या वधू-वरांच्या जाहिराती वाचायला लागले, घरात लग्नाचं कोणीही नसताना. मग एकदा जेवता जेवता म्हणाले, "भंडाऱ्याचं घर पाहून येतो म्हणतो. राहीन तिथं थोडं."

ललिताबाईंनी नवऱ्याचं 'थोडं' बरीच वर्षं ऐकलं होतं. त्यांनी मुलाला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तुझ्या बाबाची नोकरी गेली."

"आई, ते रिटायर आहेत."

"रिटायर झाल्यावरची गेली."

प्रज्ञेश विचारी मुलगा होता. त्यानं रिमोट वडिलांच्या हातात ठेवला. "बाबा, हा तुमच्याकडेच असू द्या. आम्ही कुठेही टाकतो, मग सापडत नाही."

रामदासजींनी रिमोट उलटसुलट पाहिला. "म्हणजे चार्ज माझ्याकडे?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

दुसऱ्या दिवसापासून रामदासजी घरात खिशाचा शर्ट घालू लागले. त्यांनी आपली खुर्ची छतातल्या डोळ्याखाली सरकवून घेतली. भंडाऱ्याचा विषय निघाला नाही.

कारभार सुरू झाला.

"बाबा, किचनचा दिवा लावता का?" निकितानं विचारलं. ती सदाशिव पेठेजवळ वाढलेली होती आणि तिचं मराठी आखूड होतं.

"काऊन? अजून उजेड आहे ना बाहेर."

"उजेड बाहेर आहे. कुकर आत आहे."

"बरं, पाहतो," रामदासजी म्हणाले. 'पाहतो' हा शब्द त्यांनी सोबत भंडाऱ्याहून आणला होता. त्यानंतर दिवा लागायचा, पण लगेच नाही. लगेच दिलेल्या गोष्टीची माणसाला किंमत राहत नाही, असं त्यांचं प्रशासकीय मत होतं.

दुपारी ते झोपायचे तेव्हा रिमोट त्यांच्या छातीवर, शर्टाच्या खिशात असायचा. संध्याकाळी ते सोसायटीच्या बागेत फिरायला जायचे तेव्हाही तो खिशातच असायचा. तिथं त्यांना बँकेतून निवृत्त झालेले बाबुराव भेटायचे आणि दोघं मिळून देशाची घडी बसवायचे. ती बसेपर्यंत घरात अंधार. फक्त ललिताबाईंची मेणबत्ती असायची. त्या रोज संध्याकाळी वंदनेला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत, आणि तिला कोणाची मंजुरी लागत नसे. हळूहळू सगळं घर त्या मेणबत्तीभोवती येऊन बसू लागलं. निकिता तिथं लॅपटॉप घेऊन मीटिंग करायची. अमेरिकेतल्या क्लायंटनं विचारलं, तुमच्याकडे आज काही सण आहे का? ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तोच सण होता.

"मी उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो. जुनी बटणं परत बसवतो," प्रज्ञेश एकदा हळूच म्हणाला.

"बसव," ललिताबाई म्हणाल्या. "आणि बाबाचं भंडाऱ्याचं तिकीटही काढ. एकाच दिवशी दोन्ही कामं होतील."

त्यामुळे बटणांचं राहिलं. पण माणसाला स्वयंपाक करावा लागतो, आंघोळ करावी लागते. निकितानं हडपसरला जाऊन फुटपाथवरून एक युनिव्हर्सल रिमोट आणला आणि कुर्त्याच्या खिशात ठेवला. कोणाला सांगितलं नाही, सासऱ्यांना वाईट वाटेल म्हणून. ललिताबाईंनी भाजी आणायला म्हणून जाऊन एक आणला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे ठेवला. कोणाला सांगितलं नाही, नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून. प्रज्ञेशनं ऑफिसच्या बाहेरच्या टपरीवरून घेतला. त्यालाही वडिलांची काळजी होतीच.

युनिव्हर्सल रिमोट कोणाच्याही हातात सारखाच चालतो. आता एकाच डोळ्यावर चार रिमोट रोखलेले होते, आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की चोरटा फक्त आपलाच आहे.

निकिता म्हणायची, "बाबा, बाथरूमचा दिवा." बाबा म्हणायचे, "पाहतो." तिला धीर नसायचा, ती ओढणीआडून बटण दाबायची. दिवा लागायचा. तेवढ्यात बाबांचा विचार पूर्ण होऊन तेही दाबायचे. दिवा जायचा. बायको अंधारात उभी पाहून प्रज्ञेश पेपराच्या मागून दाबायचा. दिवा लागायचा. मघाचा अंधार बघून दया आलेल्या ललिताबाई पिठाच्या डब्यापर्यंत पोचलेल्या असायच्या. त्या दारात येऊन दाबायच्या. दिवा जायचा. घरात दाबणारे हात सम झाले की अंधार आणि विषम झाले की उजेड, असा तो सरळ हिशेब होता, पण तो मांडायला लागणारी माहिती कोणा एकाकडे नव्हती.

रामदासजींनी निरीक्षण केलं. काही दिवसांनी त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"प्रज्ञेश, तू घरी आला की दिवे बिघडून राहिले."

"माझा काय संबंध, बाबा?"

"ते मला काय माहीत? इंजिनिअर तू आहेस."

प्रज्ञेशला हे लागलं. तो ऑफिसातून उशिरा येऊ लागला. तरी दिवे सुधारले नाहीत. मग रामदासजींनी दुसरी शक्यता तपासली. ते खिडकीपाशी उभे राहून आपला उजवा हात समोर धरून बघू लागले.

"ललिता, माझा हात थरथरते का?"

"नाही तर."

"मग बटण दोनदा कसं दाबल्या जाते?" ते बराच वेळ हाताकडे बघत राहिले. "वय झालं. माझ्याच्यानं आता होत नाही हे. चार्ज परत घे म्हणावं प्रज्ञेशला. मी भंडाऱ्याला जातो."

या वेळी 'थोडं' हा शब्दही नव्हता. त्यांनी माळ्यावरून बॅग काढली, रिमोट टीव्हीवर ठेवला आणि खिसा रिकामा घेऊन फिरायला गेले.

दार लागल्याबरोबर ललिताबाई पिठाच्या डब्याकडे गेल्या आणि आपला रिमोट काढून ओट्यावर ठेवला. "माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. निकितानं खिशातला काढून त्याच्या शेजारी ठेवला. प्रज्ञेश चपलांच्या कपाटापर्यंत जाऊन आला. ओट्यावर तीन रिमोट झाले. तिघं त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"तरीच," निकिता म्हणाली.

"बाबांना सगळं सांगून टाकू," प्रज्ञेश म्हणाला.

"काय सांगशील? की तुमच्या हाताला काही झालं नाही, आम्हालाच तुमची गरज नव्हती?" ललिताबाई म्हणाल्या.

मग पद्धत ठरली. रामदासजींना नंबर मोठ्यानं म्हणत बटण दाबायची सवय होती. त्यांनी डोळ्याकडे रिमोट रोखून नंबर म्हटला की जो जवळ असेल त्यानं एकट्यानं दाबायचं. बाकीच्यांनी हात दिसतील असे ठेवायचे.

"पण बाबाही दाबतील ना," निकिता म्हणाली. "ते दोन झाले. परत अंधार."

ललिताबाईंनी टीव्हीवरचा रिमोट उचलला, मागचं झाकण सरकवलं, दोन्ही सेल काढून भिंतीवरच्या बंद घड्याळात घातले आणि झाकण लावून टाकलं.

"आई, ही फसवणूक आहे."

"कशाची फसवणूक? सही साहेब करते, काम खालचे लोक करतात. तुझ्या बाबानं सारी नोकरी हेच पाहिलं."

रामदासजी परत आल्यावर त्यांना आग्रह करून शेवटचं एकदा बघायला लावलं. त्यांनी अनिच्छेनं रिमोट उचलला आणि तीन नंबर दाबला. बाथरूमचा दिवा लागला. पुन्हा दाबला. विझला. त्यांनी सगळे दिवे तपासले, मग हात समोर धरून तपासला, आणि बॅग माळ्यावर ठेवली.

पुढचे दिवस फार चांगले गेले. दिवे एका इशाऱ्यावर चालत होते. खात्री असलेल्या माणसाला कडकपणाची गरज राहत नाही, तसे रामदासजी उदार झाले. मागायच्या आधीच दिवा देऊ लागले. 'पाहतो' बंद झालं. एका संध्याकाळी ते बाबुरावांना चहाला घेऊन आले.

"आमच्याकडे भिंतीवर बटण आहे," बाबुराव बसता बसता म्हणाले. "दाबलं की लागतो, नाही दाबलं तर नाही लागत. जुनी पद्धत आहे, पण चालतीये."

रामदासजींनी रिमोट रोखला. दोन, तीन, चार. स्वयंपाकघर, बाथरूम, बेडरूम, सगळीकडे उजेड. दारात उभ्या ललिताबाईंचा हात पदराखाली होता. रामदासजींनी ओळीनं सगळे बंदही केले.

"द्या बघू इकडे," बाबुराव म्हणाले. त्यांनी रिमोट घेतला आणि दाबला. काही झालं नाही. ललिताबाई तयार नव्हत्या. ठरलं होतं ते फक्त रामदासजींपुरतं. बाबुरावांनी पुन्हा दाबला. तळहातावर आपटला. मग प्रत्येक पुणेकर जे करतो ते त्यांनी केलं, मागचं झाकण उघडून पाहिलं.

"मेश्राम, यात सेल नाहीयेत."

निकितानं हातातला कप हळूच खाली ठेवला. प्रज्ञेश जमिनीकडे बघत होता.

रामदासजींनी रिमोट घेतला. सेलच्या रिकाम्या खाचांकडे पाहिलं, स्प्रिंगवरून बोट फिरवलं. मग मान वर करून मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि शेवटी पदराखालच्या त्या हाताकडे पाहिलं, तिथं ते बराच वेळ थांबले. ललिताबाईंनी नजर चुकवली नाही.

त्यांनी झाकण नीट बसवलं. रिमोट टीपॉयवर ठेवला, स्वतःपासून लांब.

"नाहीत," ते म्हणाले. "लागत नाहीत."

मग खुर्चीत मागे टेकून, छताकडे बघत, ते शांत आवाजात म्हणाले, "हॉल."

हॉलचा दिवा लागला.

"बंद."

दिवा बंद झाला.

बाबुरावांचा चहा बशीत सांडला. "आवाजावर चालतं?"

"हौ."

"हॉल!" बाबुराव म्हणाले. मग मोठ्यांदा, "हॉल!" डोळा ढिम्म.

"घरच्याच माणसाचं ऐकते," रामदासजींनी समजावलं.

बाबुरावांनी चहा संपवला. त्यांना बोलण्यासारखं काही सापडत नव्हतं, आणि ही स्थिती त्यांना नवीन होती. दारात चपला घालताना त्यांना एकदम आठवलं. "आणि ते भंडाऱ्याला जायचं म्हणत होतात ना तुम्ही?"

"कसा जातो?" रामदासजी म्हणाले. "माझ्याशिवाय दिवा लागत नाही घरात."

आत कोणीतरी नाक ओढलं. निकितानं कप उचलले आणि ते तसेच हातात धरून उभी राहिली.

रामदासजी दार लावायला वळले आणि फट राहिली असताना थांबले. बाहेर बाबुराव लिफ्टसमोर उभे होते. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं, घसा साफ केला आणि लिफ्टला हळूच म्हणाले, "ये."

लिफ्ट आली नाही. बाबुरावांनी जरा विचार केला.

"या," ते म्हणाले.