पुसली जाणारी कावीळ

"तू फक्त पडून राहा. बाकीचं माझ्या बोटांवर सोड!" रंगरावांनी बायकोला बजावलं आणि रंगांची पेटी उघडली.

रंगराव हे त्यांचं नाटक कंपनीतलं टोपणनाव. उभा जन्म त्यांनी लोकांचे चेहरे रंगवले. तिशीतल्या नटाला त्यांनी असा म्हातारा करावा, की त्याच्या सख्ख्या आईने त्याला वाकून नमस्कार करावा!

आजचा प्रयोग मात्र पेन्शनीसाठी होता. रंगरावांच्या पेन्शनीतून आधी कर जायचा आणि उरलेल्यातून काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांभाळणाऱ्या ताईंचा पगार. दोन्ही भागेनात. नियम असा, की जोडीदाराला उठणं, कपडे घालणं आणि संडासला जाणं एकट्याने जमत नसेल, तर सांभाळणाऱ्याचा पगार आधी वजा होतो आणि कर उरलेल्या पेन्शनीवरच बसतो. काकूंना यातलं काहीच जमत नव्हतं. पायांनी केव्हाच संप पुकारला होता. सवलत हक्काचीच होती. ती मिळाली नाही तर ताई जाणार आणि काकूंची रवानगी वृद्धाश्रमात. या धास्तीने रंगरावांची झोप उडाली होती. काकूंशिवाय त्यांना ते घर नको होतं.

मग घोडं अडलं कुठे? काकूंच्या स्वभावात! त्यांची सगळी नोकरी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात गेलेली. दारात माणूस दिसला की पाठ ताठ, चेहऱ्यावर हसू आणि तोंडात "काहीच अडचण नाही!" करखात्याच्या अधिकारी बाई पहिल्यांदा तपासणीला आल्या, तेव्हा काकू पावडर लावून खुर्चीत राणीसारख्या बसल्या होत्या.

"कपडे तुमचे तुम्ही घालता?"

"हो तर!"

"चालता?"

"अगदी मजेत!"

अर्ज फेटाळला गेला. आज दुसरी आणि शेवटची तपासणी होती.

"अहो, पण हे खोटं नाही का?" काकू कुरकुरल्या.

"खोटं तू बोललीस! मी तुझं खरं दुखणं चेहऱ्यावर आणतोय!"

गालांवर जरा पिवळा, डोळ्यांखाली जरा काळा, एवढंच ठरलं होतं. पण कलावंताचा हात एकदा सुटला की आवरतो थोडाच? ओठ निळे झाले, गाल आत गेले. चहा घेऊन आलेल्या ताई दारातच किंचाळल्या, "काका, काकू गेल्या!"

"म्हणजे जमलं!" रंगराव खूश झाले.

तेवढ्यात बेल वाजली. अधिकारी बाई आत आल्या. पाहुणी दिसताच काकूंचा स्वभाव जागा झाला. निळ्या ओठांनी त्या तोंडभर हसल्या. "या, बसा! काहीच अडचण नाही!"

बाईंच्या हातातली पर्स खाली पडली. दुसऱ्या मिनिटाला त्या फोनवर ओरडत होत्या, "ॲम्ब्युलन्स! ताबडतोब!"

"अहो, एवढं काही नाही!" रंगराव मध्ये पडले.

"बायको पिवळी पडली आणि म्हणे एवढं काही नाही! दगड आहात का?"

आता रंग आहे म्हणावं तर फसवणूक, न म्हणावं तर ॲम्ब्युलन्स! रंगरावांनी रंगांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि सगळी वरात दवाखान्यात पोचली.

नर्सने काकूंचं कपाळ कापसाने पुसलं आणि ती ओरडली, "डॉक्टर, लवकर या! ही कावीळ पुसली जातेय!"

अधिकारी बाईंनी कापूस पाहिला. मग रंगरावांची पिवळी बोटं पाहिली.

"फसवणूक! सवलत विसरा, दंड भरायची तयारी करा!"

रंगरावांनी हात जोडले. "दुखणं खरं आहे हो, बाई. रंग तेवढा माझा!"

"काही दुखणंबिखणं नाही मला!" एवढ्या तमाशाने काकू भडकल्या होत्या. "मी चालत घरी जाते!"

कोणी अडवायच्या आत त्यांनी पाय खाली सोडले, उभ्या राहिल्या आणि थेट अधिकारी बाईंच्या गळ्यात कोसळल्या.

"सोडू नका!" ताई ओरडल्या. "एक हात कमरेत घाला, दुसरा काखेत!"

"काहीच अडचण नाही," काकू बाईंच्या खांद्यावरून म्हणाल्या. मग हळूच पुटपुटल्या, "मला जरा संडासला जायचंय."

पुढची हातघाई दाराआड झाली. आतून फक्त ताईंच्या सूचना ऐकू येत होत्या. "वाकू नका! आता नाडी! आता बटणं!" बाहेर आल्या तेव्हा बाईंचे केस सुटले होते आणि एका पायातली चप्पल आतच राहिली होती. त्या बाकावर धपकन बसल्या.

"हे रोज?"

"दिवसातून कितीदा तरी," ताई म्हणाल्या.

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं. "नाही जमत हो मला. सांगायची लाज वाटते."

रंगरावांनी त्यांचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले आणि लपवायचं भानही त्यांना राहिलं नाही.

बाईंनी केस आवरले. "मंजूर! तिन्ही गोष्टी मी जातीने तपासल्यात. माझी कंबरच साक्षीला आहे! तो रंग नसता, तरी मंजूरच होतं."

रंगरावांनी त्यातला 'मंजूर' हा सोयीचा तेवढाच शब्द ऐकला आणि टुणकन उडी मारली. "जिंकलो! ताई कुठे जात नाहीत, तू कुठे जात नाहीस! पाहिलीस माझी कला? बाई, रंगांचा खर्चही पेन्शनीतून वजा होईल ना?"

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तो नाही होणार. पण या घरात सांभाळायची माणसं दोन आहेत, एवढं मात्र मी नोंदवून घेते."

रंगरावांना ते कळायच्या आत ताई पुढे सरसावल्या. "म्हणजे बाई, माझी पगारवाढ आजपासूनच धरायची ना?"