फर्नच्या कुंडीतल्या पिसवा

"पिसवाच आहेत त्या. काळ्या आहेत, उडतात, आणि तुमचा कुत्रा दिवसभर त्याच कुंडीला टेकून झोपतो. आणखी काय पुरावा हवा?" ओदिलीने कंबरेवर हात ठेवले.

"पण चावल्यात का कुणाला?" तिचा नवरा एलिएसेर म्हणाला.

"चावायची वाट बघत बसू?"

तिचा भाऊ जीप घेऊन निघालाही होता, कुत्र्याला, कानेलोला, तुरियाल्बाच्या मळ्यावर कायमचे न्यायला. कानेलो साबणाने धुऊन पेरूखाली पावसात बांधलेला, आणि तरी फर्नला पाणी घातले की कुंडीतून ठिपके टणाटण उडतच होते. निवृत्तीनंतर एलिएसेरचे ऐकणारा घरात कानेलो हा एकच जीव उरला होता. (तोही जेवणापुरता.)

एलिएसेरने कुंडीतली चिमूटभर माती पाण्याच्या ताटलीत सोडली आणि भिंग काढले.

"ती माझी घेवडा-भाताची ताटली आहे."

"बघ तरी. पोटाखाली दुबेळकी शेपटी दुमडलेली आहे. खिटी सुटली की शेपटी जमिनीवर आपटते आणि स्वारी हवेत. पिसू उडते पायांनी. आणि हा पाण्यावर कसा तरंगतोय बघ, अंगाला ओलसुद्धा लागत नाही. रेडिओवरच्या शेतीवाल्या बाईंनी सांगितलंय, हे ओल्या मातीतले किडे, रक्त पीत नाहीत."

ओदिलीने भिंग हिसकावले. एक ठिपका उडून तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसला, आणि चावला नाही.

"मग खातात काय, शास्त्रीबुवा?"

इथे शहाणी बाई गप्प बसली असती. पुरुषाला ते जमत नाही. त्यातून बायकोने विचारावे आणि उत्तर आपल्याला यावे, असा योग या संसारात फार वर्षांनी आला होता.

"बुरशी. ओल हवी आणि कुजकं काहीतरी हवं. कॉफीचा चोथा मिळाला तर चंगळच..."

तो थांबला, पण उशिरा. कॉफी गाळायची कापडी पिशवी रोज रिकामी करणे हे त्याचे काम. चोथा परसाच्या टोकाला कॉफीच्या झाडांना घालायचा, असा ओदिलीचा नियम. पण पाऊस असला की (आणि इथल्या ऑक्टोबरात तो नसतो कधी?) हा गृहस्थ ओसरीवरूनच हात लांब करून पिशवी फर्नमध्ये झटकी.

ओदिलीने कुंडी बोटांनी उकरली. पानांखाली वीतभर काळा थर, वर पांढरी बुरशी.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. ती पेरूखाली गेली, कुत्र्याला सोडून ओसरीवर आणले, आपल्या अ‍ॅप्रनच्या टोकाने त्याचे कान पुसले. मग भावाकडे वळली.

"कुत्रा निर्दोष निघाला रे. पण एवढ्या लांबून आलास, रिकामा कशाला जातोस, यांना घेऊन जा."