शोभेसाठी व कापण्यासाठी एक तलवार

ब्रुखवेडेलच्या लांब-तलवार संघाने खरी धारदार तलवार घेतली, तर ओटमार हुंकेच्या पदरात नेमकं काय पडणार होतं, याचा हिशेब अगदी लहान होता: एक वार. भिजवून गुंडाळलेल्या गवती चटईवर, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे तिरका उतरणारा एक वार. पद त्याच्याकडे आधीच होतं. तो संघाचा साहित्यरक्षक होता, म्हणजे लाकडी तलवारींची कुसं काढायला सँडपेपर मारणं आणि इतरांचे घामट हातमोजे वाळत घालणं हे त्याच्याकडे होतं. दर गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत तो बोथट पोलादाने हवा कापत आला होता, आणि हवेने कधी तक्रार केली नव्हती. पण खरं काही कापलं जाताना कसा आवाज होतो, हाताला काय जाणवतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आता सप्टेंबरअखेर खांद्याची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की त्यानंतर हात खांद्याच्या वर न्यायचा तो फक्त केस विंचरायला. ओटमारला केस नव्हते.

संघाच्या वार्षिक सभेत तलवारीचा विषय निघाला तेव्हा लगेच दोन पक्ष पडले. एका पक्षाला संघाच्या खोलीत, कॉफीच्या यंत्राशेजारच्या रिकाम्या भिंतीवर, काहीतरी भारदस्त हवं होतं. दुसऱ्याला काहीतरी कापायचं होतं. अध्यक्ष आनेग्रेट फ्रेझे यांची सगळी हयात जमीन-नोंदणी कचेरीत गेली होती आणि बांधावरून भांडणाऱ्यांना एकाच कागदावर सही करायला लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी ठराव मांडला: ‘संघाने प्रदर्शन व छेदन-सराव या दोन्ही हेतूंसाठी उच्च प्रतीची एक प्रतिकृती-तलवार घ्यावी.’ ठराव एकमताने संमत झाला, कारण आलुबुखारचा केक अजून कापायचा होता.

निवड समितीत तिघं होते. आनेग्रेट अध्यक्ष म्हणून, फोल्कविन प्रासे इतिहासाचा शिक्षक म्हणून, आणि ओटमार, कारण तलवार उचलून आणायला कुणीतरी लागणार होतं.

फोल्कविनचं म्हणणं असं की प्रतिकृती म्हणजे प्रतिकृती. जिल्हा संग्रहालयात नदीतला गाळ उपसताना सापडलेली एक लांब तलवार आहे, आपली तिच्याबरहुकूम हवी. ती तलवार गंजलेली होती, मध्ये वाकली होती आणि तिला टोक नव्हतं.

“टोक नाही म्हणजे नाही,” फोल्कविन म्हणाला. “आपण पदरचं टोक लावलं तर उद्या कोणी विचारील, हे कुठून आणलंत?”

“अरे, ती शेकडो वर्षं पाण्यात पडली होती,” ओटमार म्हणाला.

“मग? नदी अजून आहे तिथेच.”

या मुद्द्यावर समितीच्या बऱ्याच बैठका झाल्या. शेवटी आनेग्रेटबाईंनी तोडगा काढला: तलवार नदीत पडायच्या आदल्या दिवशी जशी होती तशी असावी. ती कोणत्या दिवशी पडली हे कुणालाच ठाऊक नसल्याने ही अट पाळली गेली नाही असं कुणी सिद्ध करू शकणार नव्हतं. फोल्कविनने या अटीला संमती दिली, पण आपली नाराजी इतिवृत्तात नोंदवून घेतली.

मग तिघं डोंगरातल्या एका तलवारकाराकडे गेले. त्याने टेबलावर तीन तलवारी मांडल्या. पहिली आरशासारखी लखलखत होती. ओटमारने ती हातात घेतली, मुठीशी कान नेऊन जरा हलवली आणि परत ठेवली. आत पात्याची जीभ, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, म्हणून पेन्सिलीएवढी सळई डकवलेली होती, चार वारांत पातं प्रेक्षकांत गेलं असतं. दुसरी पहारीसारखी होती, ती उचलली की मनगट आधी खाली जायचं. तिसरी दिसायला राखी, मलूल. पण तिचं पोलाद स्प्रिंगचं होतं, पात्याची जीभ सबंध मुठीतून आरपार जाऊन शेवटच्या गोळ्यावर ठोकून बसवलेली होती, पातं टोकाकडे निमुळतं होत गेलं होतं आणि तोल मुठीवरच्या आडव्या दांड्याच्या पुढे चार बोटांवर. ओटमारने ती उचलली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण काही उचललेलं नाही, आपल्याला कुणीतरी बोट धरून नेतंय. दुखरा खांदासुद्धा गप्प बसला.

“ही चमकत नाही रे,” आनेग्रेटबाई म्हणाल्या. “दारातून दिसणार तरी का?”

ओटमारने जीभ, तोल, पोलाद सगळं समजावून सांगितलं. कुणावर काही परिणाम झाला नाही. मग तलवारकार म्हणाला की तिन्हींपैकी फक्त हिच्याबरोबर छापील गुणवत्ता-प्रमाणपत्र मिळतं. ठरावात ‘उच्च प्रतीची’ असा शब्द होता. प्रमाणपत्रावरही होता. निवड झाली.

तलवार धार लावून आली आणि तिच्या मागोमाग विमा कंपनीचे हेर डिटमेल आले; हेर म्हणजे जर्मनीत श्रीयुत. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी पायपुसण्यावर बूट नीट पुसले, केकची स्तुती केली आणि विचारलं, इथे मुलं येतात का. मंगळवारी बालवर्ग असतो, असं सांगितल्यावर ते म्हणाले की मग तलवार कुलूपबंद काचपेटीत हवी. हे सगळ्यांना पटलं. मुलांच्या बाबतीत कोण वाद घालणार? कुलपं दोन लावावीत आणि किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात, हेही पटलं. एकच किल्ली असली तर ती एकाचीच जबाबदारी होते आणि संघात एकट्यावर जबाबदारी टाकायची पद्धत नव्हती.

“आणि कापायचं कधी?” ओटमारने विचारलं.

हेर डिटमेल यांनी कागद चाळले. कापण्याला कंपनीची मुळीच हरकत नव्हती. मात्र विमा बोथट शस्त्राने होणाऱ्या सरावालाच लागू होता.

“बोथट तलवारीने कापायचं?”

“आमची हरकत धारेला आहे, हेर हुंके. कापण्याला नाही.”

पेटीतल्या तलवारीचं तसं नव्हतं. तिचा विमा धारदार, नवीन आणि न वापरलेली वस्तू म्हणून उतरवला होता. तिची धार घालवता येणार नव्हती, कारण मग ती विम्यातली तलवार राहिली नसती. तिने काही कापताही येणार नव्हतं, कारण मग ती न वापरलेली राहिली नसती. हेर डिटमेल यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की ओटमारखेरीज सगळ्यांना हायसं वाटलं. तलवारीचं काय करायचं नाही हे एकदाचं स्पष्ट झालं होतं.

पण ठराव छेदन-सरावाचाही होता आणि आनेग्रेटबाई अर्धा ठराव तसाच सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. संघाने त्याच तलवारकाराकडून आपल्या तलवारीची हुबेहूब, बोथट प्रतिकृती मागवली. म्हणजे प्रतिकृतीची प्रतिकृती. फोल्कविनने तिची पेटीतल्या तलवारीशी काचेबाहेरून तुलना केली आणि ती मुळाशी प्रामाणिक असल्याचा निर्वाळा दिला.

ओटमारने तिने भिजलेल्या चटईवर वार केला तेव्हा चटई दारुड्यासारखी एका बाजूला कलली आणि तिच्यातलं पाणी आनेग्रेटबाईंच्या बुटांवर उडालं. कापलं काहीच गेलं नाही. बूट पुसत असताना बाईंच्या मनात चटयांच्या कचऱ्याचा प्रश्न आला. नगरपालिकेकडे चौकशी झाली. गवत तपकिरी डब्यात, चटईचा दोरा करड्या डब्यात, आणि ओलं असताना दोन्ही कशातच नाही. म्हणजे कापलेली प्रत्येक चटई आधी वाळवायची, मग तिच्यातला दोरा बोटांनी उसवायचा. हे काम साहित्यरक्षकाचं, यावर दुमत नव्हतं.

“मी उसवीन,” ओटमार म्हणाला. “आनंदाने उसवीन. पण कापू द्या.”

“प्रश्न तुझ्या आनंदाचा नाही, ओटमार,” फोल्कविन म्हणाला. “पर्यावरणाचा आहे.”

आणि त्याने सभेपुढे आपली कल्पना मांडली. चटईऐवजी फोमची गुंडाळी वापरायची, तिरकी आधीच कापून ठेवलेली, आणि दोन्ही तुकडे वेल्क्रोने जोडायचे. वार बसला की वरचा तुकडा पडेल, उचलून परत चिकटवायचा. कचरा नाही, पाणी नाही, धार लागत नाही. सभेने बाकं वाजवली. काही आठवड्यांत असं दिसून आलं की नवशिक्यांचाही काप अगदी अचूक कोनात आणि गुळगुळीत येतो. आनेग्रेटबाईंनी वर्षाच्या अहवालात लिहिलं की छेदनाच्या दर्जात लक्षणीय सुधारणा झाली आहे.

ओटमारने एकदा हळूच विचारून पाहिलं की शस्त्रक्रियेआधी, फक्त एकदा, पेटी उघडून... आनेग्रेटबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. संघात सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे. नावनोंदणीच्या दिवशीच तसा ग्लास वर करून करार व्हायचा.

“हेर हुंके,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला नियम ठाऊक आहेत.”

यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याऐवजी त्याला वर्धापनदिनी जाहीर वार करण्याचा मान देण्यात आला.

सप्टेंबरात तो सोहळा झाला. अग्निशमन दलाचा बँड होता, भाजलेले सॉसेज होते, नगराध्यक्ष होते. ओटमार जाड सुती अंगरख्यात, बोथट प्रतिकृती खांद्यावर घेऊन, फोमच्या गुंडाळीसमोर उभा राहिला. नगराध्यक्षांनी धैर्यावर भाषण केलं आणि ते संपताच बँडवाल्याने मोठा ढोल बडवला. ढोलाच्या हादऱ्याने वेल्क्रो सुटला. वरचा तुकडा घसरला आणि गवतावर पडला.

मग टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला सांगितलं की पातं दिसलंसुद्धा नाही. फोल्कविनने माइक घेऊन या वेगाची ऐतिहासिक परंपरा समजावून सांगितली. ओटमारने तलवार अजून खांद्यावरून उचलली नव्हती.

“मारलास कधी तू?” बायकोने, मारलिझेने, त्याला बिअरचा ग्लास देत विचारलं.

“मारलाच नाही.”

“मग टाळ्या कसल्या?”

“कापलं गेलं ना,” ओटमार म्हणाला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी पेटीतल्या तलवारीला तेल लावायचा दिवस आला. ते काम साहित्यरक्षकाचं. आनेग्रेटबाई समुद्रकिनारी सुट्टीला गेल्या होत्या, त्यांची किल्ली ओटमारकडे होती. फोल्कविनने आपली किल्ली शाळेच्या दारात त्याच्या हातात ठेवली आणि वर्गावर गेला. खोलीत कुणी नव्हतं. मागच्या अंगणात पावसाच्या पाण्याच्या पिंपात शेवटची एक खरी चटई दोन दिवस भिजत होती. ती तिथे कुणी टाकली, हे ओटमारने स्वतःलाही विचारलं नाही.

त्याने चटई गुंडाळून खुंटावर खोचली. ओल्या गवताचा वास आला. त्याने पेटी उघडली, तलवार बाहेर आणली, पवित्रा घेतला, दोन्ही हातांनी ती खांद्यावर उचलली. ती तशीच होती, बोट धरून नेणारी. अडवणारं कुणीच नव्हतं, आणि इथेच घोळ झाला. इतकी वर्षं अडवायचं काम दुसरी माणसं करत होती, आज ते ओटमारला स्वतःलाच करावं लागलं.

त्याला आठवलं की विमा नाही. की एकदा कापली की ही वापरलेली तलवार. की दोरा उसवावा लागेल, आणि उद्यापासून हात गळ्यात अडकवलेला असेल. हे सगळं तो बाजूला सारू शकला असता. पण विनाठराव वार करायचा हे त्याच्या जिवाला रुचेना. म्हणून त्याने रीतसर प्रस्ताव मांडला आणि मोठ्याने विचारलं, “बाजूने कोण?”

दोन्ही हात मुठीवर होते. वर करायला हात उरला नव्हता.

तो थांबला. कुंपणावर एक काळा पक्षी बसला आणि उडून गेला. “विरोधात?” त्याने विचारलं. कुणीही नाही. पण संघाची घटना त्याला तोंडपाठ होती: सभेच्या ठरावाला विरोध झाला नाही तर तो संमत होतो, एकट्या सभासदाच्या प्रस्तावाला पाठिंबा मिळाला नाही तर तो फेटाळला जातो. ओटमारने तलवार खाली घेतली. तिला तेल लावलं, पेटीत ठेवली, दोन्ही कुलपं ओढून पाहिली. मग न कापलेली चटई उन्हात पसरली, ती वाळेपर्यंत शेजारी बसून राहिला आणि तिचा दोरा बोटांनी उसवून करड्या डब्यात टाकला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. तलवारकाराच्या एकीऐवजी दोन तलवारी विकल्या गेल्या. हेर डिटमेल दरवर्षी येतात, पेटीतली धार आहे तशी असल्याची खात्री करतात आणि केक खातात. आनेग्रेटबाई पुन्हा निवडून आल्या. भिंत भारदस्त दिसते. किंमत द्यावी लागली ती एकट्या ओटमारला, आणि तीही एका वाराचीच, म्हणजे एवढ्या सगळ्यात स्वस्तच म्हणायची.

राहता राहिले तुम्ही. मुलं येतात म्हटल्यावर पेटीला कुलूप हवंच, इथे तुम्ही मान डोलावलीत. किल्ल्या दोन असाव्यात हेही तुम्हाला गैर वाटलं नाही, आणि कचऱ्याच्या बाबतीत तर तुम्ही मनातून फोल्कविनच्याच बाजूचे होतात. हरकत कोणत्याच कलमावर घेतली नाहीत. तेव्हा घटनेप्रमाणे तुमचं मत ठरावाच्या बाजूने मोजलं गेलं आहे. ठराव एकमताने संमत.