भुवनेश्वरीची सुट्टी

लग्नाला बावीस वर्षं झाली तरी भुवनेश्वरीला सुट्टी म्हणून कधी मिळाली नव्हती. आता मिळायची होती, तर तिची अट एकच होती: दोन दिवस भाकरी थापणार नाही. पण सोलापुरात टॉवेलचं दुकान चालवणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, सिद्धलिंगप्पानं, महाबळेश्वरचं हॉटेल हेरून ठेवलं होतं.

"खोलीतच शेगडी हाय. पिठाचा डबा संगट घेऊ," तो म्हणाला.

"मग सुट्टी कुणाला, परातीला? रिसॉर्टला चला. तितं आयतं जेवण असतंय."

ज्वारीच्या भाकरीवाचून सिद्धलिंगप्पाच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यानं तिथल्याच एका रिसॉर्टला फोन लावून एकच गोष्ट विचारली, "भाकरी भेटंल का?"

"चुलीवरची, गरमागरम," पलीकडून उत्तर आलं. झालं, बॅगा भरल्या.

पोचल्या दिवशी दुपारी मॅनेजर पृथ्वीराजनं पाहुण्यांना चुलीपाशी गोळा केलं. परात, पीठ, तवा, सगळं मांडलेलं. "हा आमचा खास कार्यक्रम. आपली भाकरी आपणच थापायची," तो हसत म्हणाला. भुवनेश्वरी दोन पावलं मागं सरली.

"थाप की गं. तुझ्या हातचा मळ हाय," सिद्धलिंगप्पा कौतुकानं म्हणाला.

एखादी वेडीवाकडी थापून सुटावं, असं तिनं ठरवलं. पण बावीस वर्षांचा हात, तो ऐकतोय कशाला? भाकरी टम्म फुगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर व्हिडिओ काढले. तिच्याच वयाच्या एका बाईनं ताट पुढं केलं, "मावशी, मलाही एक." मागं रांग लागली.

अकरावी भाकरी उतरली तेव्हा पृथ्वीराज म्हणाला, "ताई, संध्याकाळी पण जमेल ना? उद्या पण?"

भुवनेश्वरीनं शांतपणे हात धुतले. "जमंल की. मी शिकवते. थापतील हे."

सगळे मोबाइल सिद्धलिंगप्पाकडं वळले. नाही म्हणायची सोयच राहिली नाही बिचाऱ्याला. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्याला चिकटली. भुवनेश्वरी खुर्चीत पाय वर घेऊन चहा पीत होती. "पाणी लावा. कडा दाबा. घाई नका करू," एवढंच ती अधूनमधून सांगायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची एक भाकरी खरंच फुगली. तिनं बसल्या जागेवरनं टाळी वाजवली.

परतीच्या वाटेवर सिद्धलिंगप्पा भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत म्हणाला, "पुढच्या खेपेला हॉटेलच घेऊ."

"घेऊ की," भुवनेश्वरी म्हणाली. "खोलीत शेगडी हाय न्हवं? पिठाचा डबा तेवढा तुमी आठवणीनं घ्या."