तात्यांचा दारूगोळा

खरं सांगा, तुमच्या घरात दारूगोळा किती आहे?

दचकू नका. आमच्या कऱ्हाटीत दस्तगीरतात्यांना हा प्रश्न कुणीही विचारला, की ते पडवीतल्या पाटीकडे बोट दाखवतात. "आख्ख्या सुगीला पुरंल एवढा. आन् समदा घरचा!" पाटीत लिंबाएवढे मातीचे गोळे असतात. गोफणीत घालून जोंधळ्यावरची पाखरं उठवायचे गुंडे. पण तात्यांसमोर त्यांना गुंडे म्हणायचं नाही. काडतुसं म्हणायचं.

तात्यांकडे पूर्वी खरी बंदूक होती. वडिलांच्या वेळची, रानडुकरांसाठी, रीतसर परवान्याची. एकदा त्यांनी मोबाइलवर एक गोरा माणूस पाहिला. तो घराच्या कोपऱ्यात बसून उडवलेली काडतुसं पुन्हा भरत होता. झालं! "बघा की! त्यो घरच्या घरी भरतोय, आन् आमी दुकानदाराच्या तोंडाकडं बघतोय. इकतच्या गोळीला नेम पण इकतचाच!" रिकाम्या काडतुसांची पिशवी घेऊन तात्या थेट पोलीस ठाण्यात गेले, घरी भरायची परवानगी मागायला. तिथले हवालदार म्हणाले, "तात्या, तुमी काडतुसं भरायला बसलात, तर आमाला तुमालाच आत भरावं लागंल."

तात्यांनी बंदूक जमा केली आणि गोफण उचलली. भरायचा नाद मात्र सुटला नाही. कऱ्हेच्या काठची चिकणमाती आणायची, चाळायची, मळायची, तळहातावर वळायची, सावलीत वाळवायची. एखाद्या गोळ्याला तडा दिसला की तो कानाजवळ नेऊन वाजवायचे आणि खेदानं म्हणायचे, "फुसकं निघालं."

आता माझं पोट का दुखतं ते सांगतो. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. अक्षरओळखसुद्धा वडिलांनी वाटायला आणलेल्या पत्रकांवरच झाली. बाजाराची गुलामी झुगारा, आपल्या गरजा आपल्या हातांनी भागवा, हे मी पोटतिडकीनं लिहितो, बारामतीहून छापून आणतो, पारावर उभा राहून वाटतो. लोक घेतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पत्त्यांच्या डावाचे गुण मांडतात. तात्यांनी आयुष्यात एक पत्रक वाचलं नाही, आणि त्यांच्या पडवीत बसायला जागा नसायची! स्वावलंबन बघायला डाळजहून माणसं गाडी करून आली. मी पारावरून बघत बसलो.

त्यात तात्या गोळे वाळवायचे ते माझ्याच पत्रकांवर. "पत्रकराव, तुमचा कागद लई झ्याक. किती बी वल्लं ठेवा, कोरडाच्या कोरडा!" माझं लिखाण इतकं कोरडं आहे हे तोवर मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

हा माणूस कुठंतरी चुकावा, अशी मी वाट बघत होतो. गावातले आबा दर सुगीला त्यांना राखणीला बोलवायचे. आबांच्या जोंधळ्यात तात्या राखणीच्या माळ्यावर उभे राहायचे, गोफण गरगरायची, आरोळी घुमायची आणि गोळा बांधापलीकडच्या माळावर जाऊन फुटायचा. मी म्हटलं, "तात्या, एवढा दारूगोळा, पण एक पाखरू पडत नाही."

"पाडायला काय अक्कल लागती? उठवाया लागती."

दुसरी गोष्ट त्याहून खटकायची. ओला गोळा हातात घेऊन अंगठ्यानं खळगा केला, की तात्या पडवी रिकामी करायचे. "चला, उठा. भरणी हाय."

"आत काय भरता?"

"भरणाऱ्यानं भरावं, इचारणाऱ्यानं च्या पिऊन जावं." आणि दार बंद.

तात्या आत बंदुकीची दारू भरतात, अशी कुजबुज गावात सुरू झाली. ती ठाण्यापर्यंत पोचली. इंदापूरकडून नवीनच बदलून आलेला एक तरुण शिपाई पडवीत येऊन उभा राहिला. "तुम्ही घरात गुंडे तयार करता, अशी तक्रार आहे."

तात्यांना राग आला तो भलत्याच शब्दाचा. "गुंडे न्हाय सायेब! काडतुसं!"

शिपाई दोन पावलं मागे सरला. गर्दी जमली. मी पहिल्या रांगेत होतो, आणि मला आनंद झाला होता.

शिपायानं एक वाळलेला गोळा उचलला. तात्यांचा चेहरा उतरला. "न्यायचा तर न्या सायेब, पर हितं फोडू नगा." शेजारीच आबा उभे होते. शिपायानं सगळ्यांना लांब केलं आणि गोळा पायरीवर आपटला.

आतून चिमूटभर बाजरी सांडली.

कौलावरची चिमणी उतरली आणि सगळ्यांदेखत दाणे टिपू लागली.

"म्हंजी," आबा म्हणाले, "आमी तुमाला पाखरं हाकलाया बोलावतो, आन् तुमी त्यास्नी पंगत वाढताय व्हय?"

हशा झाला. तात्या हातावरची माती चोळत राहिले. "बांधापल्याड वाढतो, आबा. तुमचं कणीस सोडून तिकडं वळावीत म्हणून." मग आवाज खाली गेला. "आमची ही दारातनं कुणाला मोकळ्या हातानं लावून देत नव्हती. हाकला म्हणायची, पर हातावर कायतरी ठिवून हाकला. ती गेली, तवापासनं दाराला मागाया कोन येत न्हाय. मग पाखरांस्नी तरी..."

शिपाई हात झटकून म्हणाला, "यात गुन्हा बसत नाही," आणि गेला.

यंदा आबांनी जोंधळ्यावर जाळी टाकली. त्यांचं बघून इतरांनीही. तात्यांना कुणी बोलावलं नाही, आणि गुपित संपल्यावर पडवीही रिकामी झाली. पाटी मात्र शिगोशीग भरली आहे. तात्या आता दार उघडं ठेवून भरणी करतात. मला अजूनही त्यांचा हेवा वाटतो. मी जन्मभर 'आपल्यापुरतं आपण' हेच लिहीत आलो, आणि या माणसानं आपल्यापुरतं कधी काही भरलंच नव्हतं.

परवा मी त्यांना आमच्या रानात बोलवायला गेलो. तात्या हसले. "पत्रकराव, तुमचा ऊस. उसाला कुठलं आलंय पाखरू?"

म्हणून तुम्हाला विनंती. तुमचं, नाहीतर तुमच्या पाहुण्यांचं, जोंधळ्याचं रान असेल तर हुरड्याच्या दिवसांत कऱ्हाटीला या. तात्यांच्या पडवीसमोर गाडी थांबवा आणि रस्त्यावरूनच मोठ्यानं हाक मारा, "तात्या, पाखरं लई झाल्यात!"

पाखरं नसली तरी मारा.