पाण्यावरच्या आऱ्याची फळी

आमच्या नंदनवन कॉलनीत सुखदेवजी घरी आले की लोक आधी टेबलावरचं सामान उचलतात. हा माणूस बसायच्या आधी खुर्ची उलटी करून पाहतो. खुर्ची, स्टूल, पाट, काहीही चालतं. माझ्या नातीला पाहायला काटोलचे पाहुणे आले, तेव्हा यांनी टीपॉय उलटा केला. पोहे मुलाच्या मांडीवर. मुलानं पोहे वेचून खाल्ले. तिथंच लग्न जमलं.

खाली पाहायचं काय, तर आऱ्याच्या, म्हणजे लाकूड चिरायच्या मोठ्या करवतीच्या खुणा. विजेचा आरा गोल फिरतो, त्याच्या रेघा कमानीसारख्या उमटतात. पाण्यावरचा आरा वर-खाली चालायचा, त्याच्या रेघा सरळ. खालच्या बाजूला कोणी रंधा मारत नाही, म्हणून त्या तिथं राहतात. कमानी दिसल्या की सुखदेवजी तोंड फिरवतात. "विजेचा माल आहे जी." जसा काही आपण चोरून आणला.

तरुणपणी ते जंगलातल्या एका आरा मिलमध्ये होते. नाल्याचं पाणी चाकावर पडायचं, चाकावर आरा चालायचा. मिल कधीची बंद पडली. आता तिची शेड पाडणार म्हणून यांची धावपळ. जंगल खात्याच्या साहेबानं सांगितलं, तिथं कापलेली एक तरी फळी मिलच्या ठप्प्यासकट आणा, पाडणं थांबवतो. आठ दिवस उरले होते.

माझा जुना पलंग मी भंगारात देणार होते. सुखदेवजी त्याच्याखाली शिरले ते बाहेर येईनात.

"जिते आहात काय जी?"

"ठप्पा सापडला, वयनी."

"मग निघा ना. फळी काढा अन् न्या."

"इथं मधात रेघ अडकली आहे. हे आमच्या शांताचं काम."

शांताबाई त्यांची बायको, आता नाही. मिलमध्ये पाण्याचं दार तिच्याकडे होतं. ओंडका पुरा चिरल्याशिवाय दार पाडून पाणी बंद करायचं नाही, असा तिथला नियम.

"पण जेवण थंड होऊन राहिलं का ही मधातच पाणी तोडे. आरा जागच्या जागी उभा, फळीवर त्याची रेघ राहे. मिस्त्री मले शिव्या दे, अन् ही डबा उघडून बसे."

दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन आले. फळी आडवी कापली. ठप्प्याचा तुकडा साहेबाकडे गेला आणि शेड वाचली. शांताबाईच्या रेघेचा दुसरा तुकडा मी त्यांच्या पिशवीत घातला, तर त्यांनी तो काढून परत पलंगाला ठोकला.

"काहून जी? घरी न्या ना."

"घरी नेला तं मी दिवसभर तेच पाहत बसीन, वयनी. इथं राहिला तं आंघोळ तरी करून येईन."

आता ते रविवारी येतात. शर्टाला इस्त्री असते. मी सकाळीच पलंगाखालचं झाडून ठेवते.