गोदाक्काचं बीळ आणि करकोच्याचं लॅटिन

एका जंगलात, बाळांनो, गोदाक्का नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण बाई मनानं लोण्यासारखी. बेहड्याच्या झाडाखाली तिचं बीळ होतं आणि बिळात तीन पिल्लं होती.

एकदा काय झालं, वाळवीनं त्या झाडाची मुळं पोखरली. झाड बिळाच्या अंगाला कलायला लागलं. रोज बोटभर.  गोदाक्का तडक हत्तीकडे गेली.

"दामूदादा, एवढं झाड पलीकडे लोटा हो. पोरं खाली आहेत माझी."

"आत्ता लोटतो," दामू हत्ती म्हणाला. "पण पंचायतीची परवानगी आण. मला काही लॅटिन येत नाही."

आता तुम्ही विचाराल, जंगलात लॅटिन कुठून आलं? मध्ये बोलू नका, सांगतो. मागच्या साली पंचायतीनं फार घाई केली होती. पोटभर खाऊन निजलेला अजगर मेला असं समजून त्याचं तेरावं एका दिवसात उरकलं. पंगत बसली, तसा अजगर उठून आला. पंगतीतले दोन ससे कमी झाले.

तेव्हा सरपंच अस्वल, म्हणजे अण्णा, फार खजील झाले. दर हिवाळ्यात विलायतेहून येणाऱ्या करकोच्याला त्यांनी सल्लागार नेमलं. तिकडे हा एका मठाच्या धुराड्यावर राहायचा. खालून जे लॅटिन ऐकू येई ते त्याला पाठ. नियम झाला की लॅटिन म्हण लागू झाल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. आणि परवानगीवाचून बीळ सोडलं, तर बीळ पंचायतीचं.

गोदाक्कानं पंचायतीपुढे गाऱ्हाणं मांडलं. करकोच्यानं मान वाकडी केली, एक पाय वर घेतला.

"फेस्तिना लेन्ते!"

"अहाहा!" अण्णा म्हणाले. "म्हणजे काय हो शास्त्रीबुवा?"

"घाई करा, पण सावकाश."

मग पंचायतीनं चार दिवस घाई केली, सावकाश. झाड चार बोटं कललं.

पाचव्या दिवशी गोदाक्का रडकुंडीला येऊन म्हणाली, "अहो, झाड काही तुमच्यासाठी थांबलेलं नाही!"

"आउदी आल्तेराम पार्तेम," करकोचा म्हणाला. "दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्यावं. आपण झाडाचं ऐकलंच नाही."

सगळ्यांना ते पटलं. काय करणार, लॅटिनमध्ये होतं ना! अख्खी पंचायत उठली आणि झाडाचं म्हणणं ऐकायला झाडाखाली जाऊन बसली.

"झाडा, तुझं काय म्हणणं आहे?" अण्णांनी विचारलं.

झाड गप्प.

"विचार करतंय," करकोचा म्हणाला. "समंजस दिसतं."

तेवढ्यात झाड बोललं. कर्रर्र!

गोदाक्काला ते बिळात ऐकू गेलं. तिनं एका पिल्लाला तोंडात धरलं, दोघांना पुढे ढकललं आणि बाहेर येताच तोंडातलं पिल्लू खाली ठेवून ती ओरडली, "पळा! अहो, पळा सगळे!"

"याला आधार कोणत्या म्हणीचा?" अण्णा गरजले.

गोदाक्का उत्तर द्यायला थांबली नाही. धाडकन झाड आलं. बीळ सपाट झालं आणि पंचायत फांद्यांखाली गेली.

आवाज ऐकून दामू हत्ती धावत आला. फांद्यांतून एक लांब चोच तेवढी बाहेर दिसत होती.

"ओढ मेल्या! लवकर ओढ!" चोच किंचाळली. आता हे काही लॅटिन नव्हतं.

दामूनं सोंड उचलली, मग खाली ठेवली.

"फेस्तिना लेन्ते, शास्त्रीबुवा," तो म्हणाला आणि एकेक फांदी सावकाश, अगदी सावकाश बाजूला करू लागला.

संध्याकाळपर्यंत सगळे सुटले. कुणाची शेपटी लचकली, कुणाचं टाळकं सुजलं, पण लगेच सभा भरली.

"आपली चूक झाली का?" टेंगूळ चोळत अण्णांनी विचारलं.

"एर्रारे हुमानुम एस्त," करकोचा म्हणाला. "चुकणं हा माणसाचा धर्म. आपण तर पशुपक्षी. म्हणजे आपल्या हातून चूक होऊच शकत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग कुणीतरी चुकलंच असणार म्हणून शोध सुरू झाला, आणि गोदाक्का सापडली. परवानगीवाचून, तेही पळत, बीळ सोडलं! बीळ जप्त करण्याचा ठराव एकमतानं पास झाला.

गोदाक्कानं पिल्लं मोजली. एक, दोन, तीन. मग डोळे पुसले आणि सपाट बिळाकडे बोट दाखवलं.

"घ्या की, अण्णा, बीळ तुमचंच," ती म्हणाली. "सावकाश राहायला या."

तात्पर्य : बाळांनो, घाई कधीही करू नये. निदान ज्याला लॅटिन येतं आणि ज्याचं घर झाडाखाली नाही, त्यानं तरी मुळीच करू नये.